पाठीची माती

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज भाची बॉक्सिंगची लढत हरली. पाचपैकी चार जजनी समोरच्या मुलीला दिली, एकाने हिला.

सकाळी तिची लढत लागली तेव्हा घरच्या ग्रुपवर नुसता पाऊस पडत होता. 'वाघीण', 'साताऱ्याची मेरी कोम', हात जोडलेली चित्रं, काय काय. मी व्हिडिओ काढत होतो. पहिल्या राउंडला त्या मुलीने हिला दोरांपाशी गाठलं आणि उजव्या हाताचा असा ठोसा दिला की हेडगार्ड सरकून डोळ्यावर आलं. रेफरीने थांबवून ते नीट बसवलं. दुसरा राउंड चांगला गेला. तिसऱ्यात पाय जड झाले, ते लांबूनही कळत होतं. निकाल लागला आणि माझ्या मागचा माणूस, जो इतका वेळ हिच्या नावाने ओरडून घसा बसवून घेत होता, शेजाऱ्याला म्हणाला, "हिच्यात पहिल्यापासूनच दम नव्हता."

पहिल्यापासूनच. दिवसभर हा शब्द डोक्यातून जात नाही. आज हरली म्हणाला असता तर मला काहीच वाटलं नसतं, हरलीच होती. पण गेल्या वर्षी जिंकलेल्या लढतीही त्याने एका वाक्यात काढून घेतल्या.

येताना पोवई नाक्यावर गर्दीत थांबलो होतो. स्कूटरवर मागून तिने विचारलं, "मामा, ग्रुपवर कुणी काही टाकलं का?"

"बघितलं नाही गं अजून," म्हणालो. बघितलं होतं. निकालानंतर एकही मेसेज नव्हता.

लहानपणी आजोबा मला खांद्यावर बसवून जत्रेतल्या कुस्त्यांना न्यायचे. जिंकलेला पैलवान मैदानाला फेरी मारायचा, लोक हातात नोटा द्यायचे. हरलेला आपले कपडे गोळा करून गर्दीतून वाट काढत निघायचा आणि त्याच्या पाठीची लाल माती सगळ्यांना दिसायची. एकदा एका हरलेल्या पोराचे वस्ताद मागून चालत येताना पाहिले. चालता चालता ते तळहाताने त्याची पाठ पुसत होते. एक शब्द बोलत नव्हते. माती घामात कालवलेली, ती निघत नव्हती, फक्त पसरत होती. तरी ते पुसत होते.

बॉक्सिंगमध्ये हार पाठीवर नाही, तोंडावर उमटते. ती पुसायला तर कुणी येतच नाही. फ्लॉइड पॅटरसन हेवीवेटचं गेलेलं जगज्जेतेपद परत मिळवणारा पहिला बॉक्सर. 1960 साली त्याने ते मिळवलं, आणि 1962 च्या सप्टेंबरात शिकागोत सनी लिस्टनने त्याला पहिल्याच राउंडला झोपवलं. त्या रात्री तो खोटी दाढी-मिशी लावून शहराबाहेर पडला. दाढी आधीपासून सामानात भरून आणलेली होती! लढतीची तयारी करतानाच या माणसाने तोंड लपवायचीही तयारी केली होती. इतकी धास्ती त्याला एकट्या लिस्टनची असेल, हे मला पटत नाही.

हल्लीचे बॉक्सर अवघड लढती टाळतात, रेकॉर्डमधलं हारींचं शून्य जपत बसतात, अशी तक्रार आपणच करतो. मग एक हार झाली की माणूस मोडीत काढणारे कोण? महंमद अली 61 पैकी पाच लढती हरला होता.

आणि माझंही लिहायला हवं. जुलै 2021, टोकियो ऑलिम्पिक. मेरी कोम कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाकडून 3-2 ने हरली. मी ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं, "आता बस झालं, वय झालं." लढत पाहिलीही नव्हती. नंतर कळलं की पहिला राउंड पाचपैकी चार जजनी व्हॅलेन्सियाला दिला होता, पण पुढचे दोन्ही राउंड तीन-तीन जजनी मेरीला दिले होते. तीनपैकी दोन राउंड जिंकूनही ती हरली, कारण प्रत्येक जज तिन्ही राउंडचे गुण स्वतंत्र बेरजेला धरतो आणि तशा तीन बेरजा व्हॅलेन्सियाच्या बाजूने गेल्या. तेव्हा मेरी 38 वर्षांची होती, सहा वेळची जगज्जेती. मी दोन शब्दांत निकाल लावला. त्या मागच्या माणसावर आज मला राग आला, पण त्याचं वाक्य मी आधीच वापरून झालो होतो.

आपल्या जिल्ह्यात तरी हे व्हायला नको होतं. गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिम्पिकहून सहावे येऊन परतले, पदक नाही. तरी 1952 ला हेलसिंकीला जाता यावं म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. हे पैसे न जिंकलेल्या माणसासाठी होते, हे आपण सांगताना विसरतो. हेलसिंकीतही खाशाबा जपानच्या इशीकडून आणि सोव्हिएत संघाच्या पैलवानाकडून हरले. कराडला 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली ती ज्या कांस्यपदकासाठी, त्यात या दोन हारी आहेत.

संध्याकाळी ताईने तिला दूधभात दिला, ओठ फुटल्यामुळे तिखट चालत नव्हतं. दुसऱ्या राउंडचा व्हिडिओ मी ग्रुपवर टाकला. मग तिला माझी 2021 ची गोष्ट सांगितली, ऑफिसच्या मेसेजसकट. ती काही बोलली नाही. माझा फोन घेतला, टोकियोची ती लढत शोधली आणि ओठाला बर्फ लावून बघत बसली. दुसऱ्या राउंडला तिने थांबवलं, मागे घेतलं, परत लावलं.

"मामा, हिचा डावा पाय बघ. ठोशाआधी कुठं ठेवलाय बघ."

मला काही दिसलं नाही. तिने परत मागे घेतलं.