के-जेट्रॉनिकची गाडी घेताना आणि सांभाळताना

यांत्रिक फ्युएल इंजेक्शनची (कार्ब्युरेटरऐवजी नोझलमधून पेट्रोल फवारणारी) जुनी गाडी बघायची तर थंड असताना आणि पूर्ण तापल्यावर, अशी दोनदा बघायची, हे ठरवूनच गेलो होतो. गाडी १९८३ ची मर्सिडीज २३० ई, इंजेक्शन बॉशचं के-जेट्रॉनिक. थंड इंजिन लगेच उठलं. भरपूर फिरवून आणली, थोडा वेळ बंद ठेवली आणि पुन्हा चावी मारली, तर स्टार्टर नुसताच फिरतोय! बऱ्याच वेळाने कशीबशी फडफडत चालू झाली. तरी घेतली, कारण खाली कुठेही गंज नव्हता. इंजेक्शन दुरुस्त होतं. कुजलेला पत्रा खिसा रिकामा करतो.

या सिस्टीमला कॉम्प्युटर नाही. इंजिनने ओढलेली हवा एक गोल प्लेट सरकवते, प्लेट फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधला (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या भागातला) प्लंजर, म्हणजे दट्ट्या, वर ढकलते, आणि त्या प्रमाणात सगळ्या इंजेक्टरमधून पेट्रोल अखंड फवारत राहतं. प्लंजरच्या डोक्यावर त्याला खाली दाबणारा पेट्रोलचा दाब असतो, तो कंट्रोल प्रेशर. इंजिन थंड असताना ते कमी, म्हणून मिक्श्चर रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. हे प्रेशर ठरवणारा वॉर्म-अप रेग्युलेटर तापला की ते वाढतं. मला ही रचना मनापासून आवडते, कारण गेज लावला की दोष काट्यावर दिसतो.

पहिल्या मेकॅनिकने मात्र थेट मिक्श्चरच्या स्क्रूसाठी तीन मिलिमीटरची अ‍ॅलन की काढली. मी थांबवलं. अंदाजाने तो स्क्रू फिरवला की खरा दोष झाकला जातो. आधी गेज. सिस्टीम प्रेशर, म्हणजे पंपाकडून येणारा मुख्य दाब, पाच बारच्या वर, गरम कंट्रोल प्रेशर साडेतीनच्या आसपास, दोन्ही ठीक. पण इंजिन बंद करताच काटा झरझर खाली आला. हा दाब टिकला नाही तर गरम लाइनमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि गरम इंजिन लवकर उठत नाही. दाब पंपाच्या चेक व्हॉल्व्हमधून (पेट्रोल मागे जाऊ न देणाऱ्या झडपेतून) जाऊ शकतो, गळक्या इंजेक्टरमधून किंवा अ‍ॅक्युम्युलेटरमधून, म्हणजे इंजिन बंद झाल्यावर दाब धरून ठेवणाऱ्या डब्यातून. गाडीखाली शिरून अ‍ॅक्युम्युलेटरच्या मागची बारीक रिटर्न नळी काढली आणि पंप चालवला. जिथून काहीच यायला नको, तिथून पेट्रोल वाहू लागलं. आतला पडदा फाटला होता. नवा अ‍ॅक्युम्युलेटर बसवला आणि गरम स्टार्टची कटकट संपली.

आयडलिंग वरखाली होत होतं, ते इंजेक्टरच्या कडक झालेल्या रबरी सीलमुळे. तिथून प्लेटने न मोजलेली, फुकटची हवा आत जात होती. सील बदलल्यावरच सीओ मीटर (धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारा) लावून मिक्श्चरच्या स्क्रूला हात लावला.

आता फिल्टर वेळेवर बदलतो आणि गाडी फार दिवस उभी ठेवत नाही. शिळ्या पेट्रोलचा चिकटा प्लंजरवर बसला की तो अडकतो, आणि डिस्ट्रिब्युटर हा यातला सगळ्यात महागडा भाग आहे.