आमची वाटचाल : अर्ध्या इंचाचा एक फूट

मराठी वाड्याची छोटी, घरी जोडायची किट बनवण्याच्या आमच्या धंद्याची सुरुवात एका रुखवतातून झाली. भाचीच्या लग्नात चिरोटे, अनारसे, सुपारीचे नवरा-नवरी यांच्या शेजारी काहीतरी वेगळं मांडावं म्हणून मी बाहुलीघराचं एक किट ऑनलाइन मागवलं आणि तीन आठवडे रोज रात्री जेवणं आटोपल्यावर बसून ते जोडलं. विलायती पद्धतीचं दुमजली घर होतं. शेकोटी, पुस्तकांचं कपाट, वर पोटमाळ्याची खोली. कार्यालयात त्याच्याभोवती ही गर्दी! आमच्या आत्या चष्मा सावरत बराच वेळ आत डोकावत होत्या. मग म्हणाल्या, "छान झालंय गं, पण ह्यात देवघर कुठंय? आणि आल्यागेल्यानं टेकायचं कुठं?"

त्या दोन प्रश्नांनी मला झोप लागू दिली नाही. मी तेव्हा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समनचं काम करत होते. पुण्याच्या पेठांमधले वाडे पाडायच्या आधी त्यांची मोजमापं घ्यायला आम्ही टेप घेऊन जायचो. ओसरी, पडवी, माजघर हे शब्द घरात ऐकलेले होते, पण दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि सगळा वाडा त्या खणाच्या हिशेबात उभा राहतो, हे मला त्या धुळीत उभं राहून कळलं. खांबाखालचा दगडी तळखडा, वर आडवी तुळई, तिच्यावर कडीपाट म्हणजे लाकडी छत. प्रत्येक तुकडा दुसऱ्यावर बसलेला. वाडा मुळात जोडणीचाच असतो, मग त्याचं किट का होऊ नये?

2020च्या टाळेबंदीत ऑफिस बंद पडलं आणि हा विचार कागदावर आला. पहिला प्रश्न मापाचा. जगभर बाहुलीघरांचं नेहमीचं माप एकास बारा, म्हणजे एका फुटाला एक इंच. नवी दिल्ली उभारणाऱ्या ल्युटेन्सनं इंग्लंडच्या राणी मेरीसाठी जे बाहुलीघर केलं, 1924 साली पूर्ण झालेलं, तेही ह्याच मापाचं. आजही ते विंडसरच्या किल्ल्यात आहे आणि त्याच्या नळांना पाणी येईल अशी सोय केलेली आहे. पण चाळीस फुटी दर्शनी भिंतीचा वाडा त्या मापात चाळीस इंचांचा होतो. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो ठेवणार कुठे? म्हणून आम्ही एकास चोवीस धरलं. अर्धा इंच म्हणजे एक फूट. वीस इंचांत अख्खा वाडा, टीव्हीशेजारी बसणारा. आणखी एक सोय झाली. हार्डवेअरच्या दुकानांच्या बोहरी आळीत अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्या वाड्यात तो बरोबर तीन इंचांचा. सुताराशी बोलताना हिशेब तोंडी होतो.

भिंती, जमिनी, दारं-खिडक्या लेझरवर एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पातळ शीटमधून कापून घेतल्या. अडलं खांबांशी. विश्रामबाग वाड्यात जा, 1807 सालचे ते सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब बघा. लेझर सपाट कापतो, त्याला गोलाई कुठून येणार? सपाट पट्ट्यांचे खांब लावून बघितले, ओसरीची पार रया गेली. शेवटी पोळपाट-लाटणी करणारे एक कातारीकाका भेटले. "चार इंचांचं लाटणं? करू की," म्हणाले आणि सागाच्या तुकड्यातून पहिला खांब कातून हातावर ठेवला. तो मी अजून टेबलाच्या खणात जपून ठेवला आहे. किटमध्ये सोळा खांब जातात आणि ते आजही काकाच करतात. यंत्रावरचे स्वस्त पडतील असं बरेच जण सुचवतात. मी बदलणार नाही.

किटचे पहिले तीस डबे गेले आणि पावसाळ्यात फोन सुरू झाले. कोथरूडच्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "अहो, भिंत खाचेत जातच नाही. मी हलकेच ठोकली, तर कोपरा उडाला." मी सँडपेपर आणि जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊन त्यांच्या घरी गेले. मोजलं तर शीट तीन मिलिमीटरऐवजी 3.2 निघाली. तीन म्हणून विकलेली शीट कधी 2.7 भरते, कधी 3.2, शिवाय ओल धरली की कडा फुगतात. आम्ही खाच एकदा काढली आणि तीच धरून बसलो होतो. चूक आमचीच होती. आता प्रत्येक गठ्ठ्यातली शीट चार कोपऱ्यांवर मोजल्याशिवाय कापायला जात नाही आणि खाचेचं माप त्याप्रमाणे बदलतं.

पण त्या दुपारी खरं शिकले ते वेगळंच. बाईंनी माजघर आमच्या पत्रकाप्रमाणे जोडून घेतलं होतं आणि रंग शेवटी, कारण आम्हीच तसं छापलं होतं. तीन बाजूंनी भिंती, वर कडीपाट, आणि आत हात जाईना. कान कोरायच्या कापसाच्या काडीनं त्या कोनाडा रंगवत होत्या. बोटांना हिरमुजी रंग लागलेला, मान वाकडी. तक्रार एका शब्दानं केली नाही. मला मात्र लाज वाटली. घरी येऊन ह्यांच्याबरोबर आणि जाऊबाईंबरोबर बसून सगळं पत्रक फाडलं. आधी गोंदाशिवाय सगळं जुळवून बघा, मग पुन्हा सुटं करा. कापलेल्या काळ्या कडा घासा, कडेला सीलर लावा, नाहीतर ती रंग पीत राहते. रंग दोन्ही अंगांनी द्या, एकाच अंगानं दिलात तर पातळ शीट वाकते. वरची जमीन चिकटवायच्या आधी समईच्या दिव्याची वायर ओढून घ्या. कौलं वळचणीपासून वर चढवा. खिडकीच्या पारदर्शक शीटला इन्स्टंट गोंद लावू नका, पांढरी वाफ धरते आणि ती जात नाही. ह्या पत्रकाचा मसुदा आम्ही कधीही लेझर न पाहिलेल्या चार जणांकडून जोडून घेतला. जिथे त्यांचा हात थांबला, तिथे आम्ही चित्र वाढवलं.

दिव्याचं एक सांगायलाच हवं. समई बटण-सेलवर लागते आणि असा सेल लहान मुलानं गिळला तर जिवावर बेततं. त्यामुळे सेलची डबी स्क्रूनं बंद होणारीच देतो आणि डब्यावर चौदा वर्षांवरील असं ठळक छापतो. मुलांनी शेजारी बसून जरूर बघावं, रंगवावं.

सजावटीत लोक आमच्या पुढे गेले. तुळशीबागेतला पितळी भातुकलीचा इंचभर हंडा आमच्या माजघरात दोन फुटांचा होतो, म्हणून तो परसात पाणी तापवायला ठेवावा लागतो. टिचबटणाची अर्धी बाजू म्हणजे जेवणाचं ताट. मण्यांच्या पितळी टोप्या म्हणजे वाट्या. खणाच्या कापडाची नक्षी ह्या मापात फार मोठी दिसते, पण त्याचा काठ उभा कापला की पडदा होतो. केळकर संग्रहालयातले दिवे आणि दरवाजे बघून या, असं मी प्रत्येकाला सांगते. तिथला मस्तानी महाल कोथरूडहून सुटा करून आणून पुन्हा उभा केलेला आहे. किट जोडणाऱ्यानं तो बघितलाच पाहिजे.

कोथरूडच्या त्या बाई आता दर शनिवारी आमच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत नव्या लोकांना जोडणी शिकवतात. आत्यांना वाडा नेऊन दिला, तेव्हा त्यांनी आधी देवघर बघितलं, मग ओसरीवर बोट टेकवून म्हणाल्या, "हं, इथं बसता येईल."

सध्या चाळीवर काम चालू आहे. लाकडी कठड्याचे गज दीड मिलिमीटरचे केले की डब्यातून जाताना मोडतात, दोनचे केले की जाड दिसतात. गज आडव्या पट्टीसकट एकत्र कापून चौकट शेवटी सुटी करायची, असं सध्या करून बघतोय. खोल्या चार की सहा, हे ठरायचं आहे. जाऊबाई सहावर अडून आहेत. चार खोल्यांना चाळ कोण म्हणेल, असं त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते पटत चाललंय.