आयोवातल्या तळघरातली हवा

अमेरिकेतल्या आमच्या आयोवा राज्यात घर बघायला गेलेली माणसं छप्पर किती जुनं, घर गरम ठेवणारा फर्नेस कधी बदलला हे विचारतात आणि त्याच दमात विचारतात, "रेडॉन किती?" रेडॉन म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सर्गी वायू. इथल्या 99 च्या 99 काउंट्या, म्हणजे जिल्हे, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) सर्वाधिक धोक्याच्या गटात टाकल्या आहेत, त्यामुळे या प्रश्नाचं कुणाला नवल वाटत नाही.

हे आईला सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "अगं, मग वास तरी येतो का?" नाही येत. रंग नाही, चव नाही, डोळे चुरचुरत नाहीत. हिमयुगात हिमनद्यांनी उत्तरेकडचे खडक भरडून त्यांचा गाळ इथे पसरला. त्या मातीत थोडं युरेनियम आहे. त्याचं रेडियम होतं, रेडियमचा रेडॉन. हा वायू वर झिरपतो. मोकळ्या हवेत विरून जातो, पण हिवाळ्यात इथली घरं खिडक्या घट्ट लावून बसलेली असतात. आतली गरम हवा वर चढते, घराचं धुराडं होतं आणि तळघराच्या भेगांतून जमिनीतली हवा आत ओढली जाते.

1984 मध्ये पेनसिल्व्हेनियात स्टॅनली वॉट्रस हा लिमरिक अणुवीज प्रकल्पातला अभियंता कामावर शिरतानाच किरणोत्सर्गाचे अलार्म वाजायला लागले. किरणोत्सर्ग प्रकल्पातून नव्हे, त्याच्या घरातून येत होता. अमेरिकेने घरातला रेडॉन मनावर घेतला तो तेव्हापासून. आज ईपीएच्या अंदाजाने तो देशात वर्षाला सुमारे 21,000 फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मृत्यूंना कारण ठरतो. सिगारेट ओढणाऱ्याला धोका कितीतरी जास्त.

तपासणी मात्र अगदी साधी. हवेतला रेडॉन शोषून घेणारी कोळशाची पुडी तळघरात जमिनीपासून दीड-दोन फुटांवर टांगायची, दारं-खिडक्या बंद, दोन ते चार दिवस थांबायचं आणि पाकीट लगेच लॅबला पाठवायचं. लगेच, कारण रेडॉन पावणेचार दिवसांत निम्मा होतो. पाकीट टेबलावर पडून राहिलं तर तपासणी फुकट.

रेडॉन मोजतात तो हवेच्या दर लिटरमागे पिकोक्युरी या किरणोत्सर्गाच्या एककात. शेजाऱ्यांकडे 3 पिकोक्युरी आले होते, आमच्याकडे 11. दोन्ही घरं एकाच काळातली. त्यामुळे "बाजूच्यांचं ठीक आहे ना, मग झालं" हे इथे चालत नाही. ईपीए 4 किंवा त्याहून जास्त आले तर उपाय करायला सांगते. माझ्या मते या आकड्याने लोक उगाच निर्धास्त होतात. 3.9 म्हणजे काही सुरक्षित नव्हे, आणि जागतिक आरोग्य संघटनेची रेषा तर 2.7 च्या आसपास आहे.

उपाय म्हणजे तळघराच्या फरशीला भोक पाडून पीव्हीसी पाइप, तो छताबाहेर, मध्ये फरशीखालची हवा ओढून बाहेर टाकणारा, अखंड चालणारा पंखा. पाइपवर यू आकाराची काचेसारखी नळी असते, आत रंगीत पाणी. दोन्ही बाजूंची पातळी वरखाली असली की पंखा ओढतोय. समान झाली की बंद पडला. येता-जाता नजर तिकडे जातेच.

पुण्या-नाशिकहून एम्सला किंवा आयोवा सिटीला शिकायला येणारी मुलं हमखास तळघरातली स्वस्त खोली घेतात. घरमालकाला आकडा विचारा. त्याने खांदे उडवले तर पुडी स्वतः आणा. बाहेर दोघांनी जेवायला जितके लागतात, त्याहून कमी पैशांत मिळते.