खर्ज कुठे गेला?

गेल्या जुलैतली गोष्ट. दोन दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती आणि शेडखाली आधीच दोन गाड्या उभ्या होत्या. सांगली-मिरज रस्त्यावर माझं गाड्यांच्या ऑडिओ सिस्टीमचं काम चालतं, चौदा वर्षं झाली. पावसाळ्यात नवं काम कमी आणि तक्रारी जास्त. दारातून खरखर येते, एक बाजू बंद पडली, मॅट ओली होते. त्यामुळे एक छोटी पांढरी हॅचबॅक शेडशी येऊन थांबली तेव्हा माझं लक्ष आधी दारांच्या खालच्या कडेकडेच गेलं.

एक तरुण उतरला आणि पलीकडून त्याचे वडील, सत्तरीच्या आसपासचे. मुलाने उभ्या उभ्याच सांगितलं, "दादा, चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या गावात कंपनीचे स्पीकर काढून नवीन टाकले. साडेसहा इंची. पण अब्बांना आवाज पटत नाही. सीटखाली बसणारा सबवूफर टाकून द्या, म्हणजे विषय मिटला."

"सबवूफर नको," वडील म्हणाले. "आधी गेलाय कुठे ते बघा."

"काय गेलंय?"

"खर्ज."

तानपुऱ्याची सगळ्यात खालच्या सुराची तार म्हणजे खर्ज. मिरजेच्या माणसाला यापुढे फारसं विचारावं लागत नाही. जिथे अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे त्या मीरासाहेब दर्ग्याच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सतारी-तानपुरे घडतात. 2024 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. हे गृहस्थ त्याच कामातले. गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. मागची सीट पाडायची, गोधड्यांत गुंडाळलेले दोन तानपुरे आडवे ठेवायचे आणि धारवाडला, पुण्याला गिऱ्हाइकाच्या घरी स्वतः नेऊन द्यायचे, असा त्यांचा शिरस्ता. वाटेत ऐकायचं ते एकच. त्यांनीच घडवलेल्या एका तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग, एका गायकाने स्टुडिओत एकाच माइकवर करून पाठवलेलं.

"हा काळी एकचा तानपुरा आहे," चाचा म्हणाले, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून लावलेला. "त्याचा भोपळा मी स्वतः निवडून आणलाय. तारेला झणकार देणारी घोडीची जवारी मी काढली. त्यात काय आहे नि काय नाही हे मला दुसऱ्याने सांगायला नको. या गाडीत नुसती दांडी वाजते. भोपळा वाजतच नाही."

इतक्या नेमक्या शब्दांत मला कुणीही कधी तक्रार सांगितली नव्हती. लोक म्हणतात बेस नाही, मजा येत नाही. तरीही माझ्या तोंडून सबवूफरचं अर्धं वाक्य निघून गेलंच. सीटखालचा तो डबा दोन तासांत बसतो, त्यात पैसे सुटतात आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा खूश होऊन जातं. चाचांनी नुसता हात वर केला आणि पुढचं दार उघडून मला आत बसायची खूण केली.

पेनड्राइव्ह लावला. तानपुऱ्याच्या चार तारा एकामागून एक: पंचम, जोड, जोड, खर्ज. तारांची झणकार स्वच्छ येत होती, पण सगळा आवाज काचेजवळ कुठेतरी तरंगत असल्यासारखा. कुठून येतोय ते बोट दाखवून सांगता येईना. वास्तविक एका माइकवरचं रेकॉर्डिंग दोन्ही स्पीकरमधून सारखंच निघतं, त्यामुळे ते डॅशबोर्डच्या मध्यावर कुठेतरी बसायला हवं. इथे मधोमध नुसती पोकळी होती.

मी स्टिरिओच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज पूर्ण डावीकडे नेला. खर्ज आला. पूर्ण उजवीकडे नेला. खर्ज आला. पुन्हा मध्यावर आणला, तर गेला.

चाचा मागच्या सीटवरून पुढे वाकले. "हे काय केलंस? परत कर."

मी परत केलं. तीनदा. चौथ्यांदा त्यांनी स्वतः बटण फिरवून बघितलं.

दोन स्पीकर उलटसुलट जोडले गेले की असंच होतं. एकाचा कागद, म्हणजे हवा हलवणारा शंकू, बाहेर येतो त्याच क्षणी दुसऱ्याचा आत जातो. एक हवा ढकलतो, दुसरा तीच ओढून घेतो. काळी एकचा खर्ज 70 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे हवेतली एकेक लाट जवळजवळ 5 मीटर लांब. आणि ही गाडी आतून जेमतेम सव्वा मीटर रुंद. एवढ्या लांब लाटेला या दारापासून त्या दारापर्यंतचं अंतर काहीच नाही, त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकींना खाऊन टाकतात. वरच्या सुरांच्या लाटा आखूड, काही तर वितीएवढ्या. त्या कुठे मिटतात, कुठे वाढतात, पण ऐकू येत राहतात. तानपुऱ्याचा तर बराचसा आवाज जवारीने उठवलेल्या वरच्या स्वरांचा. म्हणून तार ऐकू येत होती आणि तिचं पोट गायब होतं.

उजवं दार उघडायला घेतलं. हँडलच्या आतल्या छोट्या टोपणाखाली एक स्क्रू, आर्मरेस्टच्या खोबणीत दुसरा, मग प्लास्टिकची पट्टी घालून खालून एकेक क्लिप सोडवत डोअर पॅड वर उचलायचं. पॅड हातात आलं आणि मला वाईट वाटलं. कंपनीचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, कापून टाकलेला. दोन्ही वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली, आणि दमट हवेत टेपचा डिंक सुटून चिकट झालेला. त्याखाली तांबं हिरवट पडलेलं. गाडीतल्या मूळ वायरींचे रंग डाव्या दाराला वेगळे, उजव्याला वेगळे. ज्याने काम केलं त्याने डावीकडे अंदाजाने जोडलं ते बरोबर निघालं, उजवीकडे चुकलं. वीस-पंचवीस रुपयांची जोड-वायर आणि दोन मिनिटांची तपासणी, एवढंच वाचवलं होतं त्याने.

तपासणीसाठी मी ड्रॉवरमध्ये साधा दीड व्होल्टचा सेल ठेवतो. स्पीकरला वायर लागते त्या दोन पात्यांपैकी बहुधा रुंद पातं प्लसचं असतं, पण मी त्यावर विसंबत नाही. सेलचा प्लस त्या पात्याला आणि मायनस दुसऱ्याला क्षणभर टेकवायचा. कागद बाहेर उसळला तर पातं प्लसचं. चाचांना म्हटलं, बोट ठेवा कागदावर, अगदी हलकं. त्यांनी तर्जनीचं टोक मधोमध टेकवलं. त्या बोटावर तारेने पडलेली जुनी, कडक रेघ होती. मी सेल टेकवला. टप्प.

"बाहेर आला," ते म्हणाले.

सेल उलटा धरला.

"आत गेला." मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. नंतर मुलाला हाक मारून त्यालाही बोट ठेवायला लावलं.

स्टिरिओकडून येणारी वायरसुद्धा मीटरने मागपर्यंत मोजून काढली, नवा कपलर लावला, जोडाला डाग दिला आणि वरून नळी चढवून गरम करून बसवली. पॅड न लावताच गाणं सुरू केलं. पंचम, जोड, जोड आणि खर्ज जागेवर. चाचांनी मान हलवली, पण पूर्ण नाही. "आला," म्हणाले, "पण भोपळ्याला तडा आहे."

मला तेच दाखवायचं होतं. गाडीचं दार म्हणजे आतून पोकळ पेटी. बाहेरचा पत्रा पातळ, आतला भोकाभोकांचा. पाऊस काचेवरून ओघळतो तो दाराच्या आतच उतरतो आणि तळाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. ते पाणी पॅडकडे येऊ नये म्हणून आतल्या पत्र्यावर एक पॉलिथिनचा पडदा चिकटवलेला असतो. इथे तो पडदा स्पीकरजवळ हातभर फाडलेला होता. पॅडची मागची बाजू ओली, क्लिपांच्या कडेला गंज धरायला लागलेला. तळाची छिद्रं चिखलाने बुजली होती. तारेने मोकळी केली तर वाटीभर लाल पाणी माझ्या चपलेवर आलं. मुलगा म्हणाला, मॅट ओली व्हायची, आम्हाला वाटायचं छत्रीचं पाणी.

आवाजाचंही गणित तेच. स्पीकरचा कागद पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागे ओढतो. मधे भोकं असतील तर मागची हवा पुढे येऊन मिळते आणि खालचे सूर पुन्हा मरतात. स्पीकर कितीही महाग आणा, दार उघडं असेल तर निम्मा पैसा पाण्यात. नवीन स्पीकर घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो आणि दहातले आठ जण ऐकून घेत नाहीत. त्यांना खोक्यावरचे वॅट वाचायचे असतात. साध्या स्टिरिओमधून, खोक्यावर पन्नास लिहिलेले असले तरी, एका स्पीकरला स्वच्छ असे पंधरा-वीस वॅटच मिळतात. गाडीच्या बारा-चौदा व्होल्टमध्ये त्याहून फार काही बसत नाही. अशा वेळी किती वॅट झेपतात यापेक्षा थोड्या वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते बघावं, ते डेसिबलमध्ये दिलेलं असतं. 89 डेसिबलचा आणि 92 डेसिबलचा स्पीकर समोर असेल, तर तेवढ्याच आवाजाला दुसऱ्याला निम्मेच वॅट लागतात. या गाडीत टाकलेले स्पीकर त्या दृष्टीने चांगले होते. रबराची कड, 4 ओहम, मॅग्नेटची खोलीही काचेला अडणार नाही अशी. ते बदलायचं काही कारण नव्हतं, आणि मी मुलाला तसं सांगितलं.

दार आतून पुसून, स्पिरिट मारून, ड्रायरने सुकवलं. स्पीकरच्या बरोबर मागे बाहेरच्या पत्र्यावर ब्यूटिल रबराची शीट रूळ फिरवून बसवली. आतल्या पत्र्याची मोठी भोकं त्याच शीटने बंद केली, त्यामुळे पाण्याचीही वाट बंद झाली. तळाची छिद्रं मात्र मोकळी ठेवली. स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी दिली.

चाचा स्टूल घेऊन शेजारी बसले होते. शीटचा एकेक तुकडा बसला की वाकून बोटाच्या पेराने दार वाजवून बघायचे. आधी पत्र्याचा टणत्कार होता, तो उतरत उतरत ठोस झाला. मी उरलेला तुकडाही लावायला घेतला तेव्हा त्यांनी मनगट धरलं. "बास. याहून जड केलंस तर मरेल."

खरं तर माझाही अनुभव तोच आहे. पत्र्याचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला की काम होतं, पुढे नुसतं वजन वाढतं. पण ते मला बरीच शीट वाया घालवून समजलं होतं आणि त्यांना चार टिचक्यांत समजलं. भोपळा निवडतानाही ते असंच वाजवतात, म्हणाले. डोळ्यांनी बघून घेतलेला भोपळा फसवतो.

डाव्या दाराचं तेवढंच काम करून संध्याकाळी गाडी दिली. शीट, कपलर आणि मजुरी एवढंच बिल. मुलगा सबवूफरचे पैसे बाजूला काढून आला होता, त्यातले बरेच परत खिशात गेले.

आठवड्याने चाचा एकटे आले, रिक्षाने, आणि मागोमाग मुलगा गाडी घेऊन. "खर्ज उत्तम आहे," बसायच्या आधीच म्हणाले. "पंचमाला काहीतरी बोलतंय. उजवीकडे. फक्त पंचमाला."

मला काही ऐकू आलं नाही. मुलालाही नाही. चाचा काही न बोलता आत बसले आणि पहिली तार सुटली की दर वेळी बोट वर करू लागले. मग मी फोनवरच्या टोन-जनरेटरमधून एकेक सूर सोडायला सुरुवात केली. 90, 95, 100. काही नाही. 104 वर आलो आणि दारातून बारीक, कागद फरफरल्यासारखा आवाज सुरू झाला. काळी एकचा मंद्र पंचम नेमका तिथेच येतो. पॅडवर तळहात दाबत गेलो. आरशाच्या खाली दाबलं, सुरूच. हँडलजवळ दाबलं, थांबला.

पॅड पुन्हा उतरवलं. लॉकच्या सळईवर जे फोमचं वेष्टण असतं ते खाली घसरलं होतं आणि सळई नव्या शीटच्या कडेला टेकत होती. ती कड मीच कापली होती, बोटभर जास्त सोडून. दुसऱ्या कुणाच्या नावावर घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. कड छाटली, वेष्टण वर सरकवून बांधलं, खाली फेल्टची पट्टी चिकटवली. 104 चा सूर पुन्हा सोडला. दार गप्प होतं.

चाचा खाली वाकून ती पट्टी निरखत होते. जवारीसाठी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवतात, केसभर इकडे-तिकडे. "आम्ही बोलावं म्हणून घालतो," ते म्हणाले, "तू बोलू नये म्हणून घातलीस."

पॅड बसवलं. मागे गोधड्यांतले दोन तानपुरे तयारच होते, धारवाडला जायचे. त्यांनी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि डोळे मिटले. पंचम गेला, दोन्ही जोड गेले, खर्ज आला. तीन आवर्तनं झाली तरी बोट वर गेलं नाही.

"लागला," म्हणाले, आणि मुलाला निघायला सांगितलं.