संत्र्याचा वास ओव्हनमधून अखेर जिवंत बाहेर आला

परवा भाजलेल्या कुकीजचा डबा आज उघडला तर आधी संत्र्याचा वास आला, बटरचा मागाहून. मागच्या नोंदी वाचलेल्यांना एवढ्यावरून कळेल की ही नोंद एवढ्या घाईने का लिहितेय. बाकीच्यांसाठी: आजवर माझ्या कुकीजमध्ये भाजल्यावर संत्र्याचा वास उरतच नव्हता.

बेस तोच, 3-2-1 चा: मैदा 300 ग्रॅम, बटर 200, साखर 100, वर 3 ग्रॅम मीठ. बेकिंग पावडर नाही. नाताळसाठी चांदण्या कापायच्या आहेत आणि चांदणीची टोकं शाबूत राहण्याचा प्रश्न गेल्या खेपेलाच सुटला: कापल्यावर ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमध्ये, मग थेट गरम ओव्हनमध्ये. आता टोकं अशी येतात की बोटाला टोचावीत. हे नुसतं मिरवायला सांगितलं.

अडलं होतं ते वासाचं. पीठ मळताना घरभर संत्रं दरवळतं, ओव्हन चालू असताना तर विचारूच नका, आणि हातात काय येतं, तर एक चांगलं गोड बिस्किट. घरभर दरवळलेला वास हाच खरा मुद्दा आहे. जो नाकाला आला तो कुकीतून गेला.

संत्र्याच्या सालीतल्या तेलात 90 टक्क्यांहून जास्त लिमोनीन, म्हणजे एक सुगंधी द्रव्य, असतं. त्याचा उत्कलनबिंदू 176 अंश. कुकी आतून 100 च्या आसपासच तापते, कडा तेवढ्या पुढे जातात. मग तेल टिकायला हवं, नाही का? बरेच दिवस मी इथेच अडून होते. पण पाण्याची वाफ निघते तेव्हा ती हे तेलही सोबत घेऊन जाते, 100 अंशांच्या आतच. फुलांची अत्तरं याच तत्त्वावर काढतात, आणि आपण ओव्हनमध्ये नकळत तेच करत असतो, फक्त अत्तर हवेत सोडतो. म्हणजे शत्रू उष्णता कमी आणि वाफ जास्त.

हे कळल्यावर रसाचा प्रश्न आपोआप निकालात निघाला. रस म्हणजे पाणी, साखर आणि आम्ल. सुगंध त्यात नावापुरता. तरीही 'रस घालून बघ' हा सल्ला कायम येतो, म्हणून एकाच गोळ्याचे भाग करून सगळं शेजारी शेजारी भाजून पाहिलं. काट्याच्या टोकाने खुणा केल्या आणि घरच्यांना कुठली कुठली ते न सांगता खायला दिल्या. रसाची कुकी फुगली आणि मऊ पडली, वास शून्य. रस आटवून पाक करून घातला त्याच्या कडा बाकीच्यांच्या आधी लाल झाल्या आणि चव मार्मालेडकडे गेली. वाईट नाही, पण ताजं संत्रं ते नव्हे. अल्कोहोलमधल्या इसेन्सची कुकी ओव्हनमधून आली तेव्हा बरी वाटली, दुसऱ्या दिवशी काहीच उरलं नव्हतं. अल्कोहोल 78 अंशांलाच उडून जातं. साखरेत चोळलेल्या झेस्टची, म्हणजे सालीच्या वरच्या रंगीत भागाच्या किसाची, कुकी सगळ्यांनी पहिली निवडली, पण 'संत्र्याची' म्हणून नाही, 'छान' म्हणून. चिडायला एवढं पुरे होतं.

साखरेत झेस्ट चोळण्याबद्दल दोन शब्द, कारण ही पायरी अजूनही लोक गाळतात. साखर दाणेदारच घ्यायची, पिठीसाखर नाही. सालीतल्या बारीक तेलाच्या पिशव्या त्या दाण्यांच्या धारेने फुटतात. मिनिटभर चोळलं की साखरेचा रंग बदलतो, ती ओल्या वाळूसारखी मुठीत बसते आणि बोटं तेलकट लागतात. बोटं कोरडी असतील तर अजून चोळा.

आणि किसणी. चौकोनी किसणीची बारीक बाजू यासाठी नालायक आहे. ती साल कापत नाही, फाडते, आणि निम्मं तेल तिच्या भोकांतच अडकून राहतं. हवी ती मायक्रोप्लेन, बारीक धारदार दातांची लांब किसणी. ती मुळात सुताराची कानस. 1994 मध्ये कॅनडात लोरेन ली यांनी ती केकसाठी संत्र्याच्या सालीवर चालवली आणि ती स्वयंपाकघरात आली. पिढ्यानपिढ्या आपण सालीऐवजी बोटं किसली त्याचं काय, हा प्रश्न मला अजून पडतो. फळ एका जागी एकदाच फिरवायचं. पांढरं दिसलं की थांबायचं, तो कडूपणा साखरेने झाकला जात नाही. सैल सालीचं संत्रं किसणीखाली दबतं. ते वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवलं की साल ताठ होते. त्याआधी गरम पाण्यात घासून घ्या. दुकानातल्या चकचकीत फळांवर बहुतेक वेळा मेणाचा थर असतो, आणि मेण साखरेत चोळण्यात काही मजा नाही.

तर, वाफ. रस बंद केला, तरी वाफ येते कुठून? मीही हा प्रश्न उशिराच विचारला आणि उत्तर समोरच्या पाकिटावर छापलेलं होतं. बटरमध्ये साधारण 16 टक्के पाणी असतं. 200 ग्रॅममध्ये 32 ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा चमचे पाणी मी प्रत्येक घाण्यात स्वतःच्या हाताने घालत होते आणि वर रसाला नावं ठेवत होते.

म्हणून या वेळी पाणी आधीच घालवलं. 250 ग्रॅम बटर जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर. आधी तडतडतं, फेस येतो, मग आवाज हळूहळू मरतो. आवाज थांबला की पाणी गेलं. तळाशी दुधाचे कण सोनेरी व्हायला लागतात तिथेच उतरवलं. वजन 250 वरून 208 वर आलं, म्हणजे हिशोब जुळला. 60 अंशांपर्यंत निवू दिलं आणि दोन संत्र्यांची झेस्ट घालून झाकण लावून अर्धा तास सोडलं. झाकण लावायचंच. गाळायचं नाही. मग फ्रीजमध्ये, मधूनमधून ढवळत, मलमाइतकं घट्ट होईपर्यंत. त्यातलं 200 ग्रॅम मोजून घेतलं. तिसऱ्या संत्र्याची झेस्ट साखरेत चोळली ती वेगळी. ओव्हन 150 वर, नेहमीच्या 165 ऐवजी, आणि वेळ पाच-सहा मिनिटं जास्त. ओव्हनच्या चकतीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आत टांगायचा थर्मामीटर घ्या. माझ्याकडे दोन्हींत वीस अंशांचा फरक निघतो.

भाजताना घरात वास कमी आला. आयुष्यात पहिल्यांदा याचा आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी चव अजून खुलली. गरम कुकीत बटर आणि साखर पुढे असतात, फळ मागे राहतं, त्यामुळे ओव्हनमधून काढल्या काढल्या निकाल देऊ नये असं माझं ठाम मत झालंय. रात्रभर डबा बंद, मग चव.

आता कटकट. पाणी गेलं तसा पिठाचा चिकटपणाही गेला. हे पीठ लाटलं की कडेला भेगा पडतात आणि कटर उचलला की चांदणीची दोन टोकं ओट्यावरच राहतात. गेल्या खेपेला जिंकलेला गड या खेपेला गेला. एक पिवळा बलक घातला तर पीठ धरलं जातं. बलक निम्मा पाणीच असतो, पण तेवढं चालवून घेता येईल असं वाटत होतं. बलकाने रंग सुंदर आला, खुसखुशीतपणा थोडा उतरला. शॉर्टब्रेड, म्हणजे या 3-2-1 च्या पिठाचं खुसखुशीत बिस्किट, म्हणून खायला बसलेल्याला फरक कळतो.

दोन बटर पेपरांच्या मध्ये लाटून, तशीच थंड करून मग कापायची, हा उपाय निम्मा चालतो. साधे गोल, चौकोन निघतात. चांदणी नाही.

इथवर लिहून झाल्यावर डोक्यात आलं की सगळं बटर कोरडं करायची गरज काय? झेस्ट ज्या बटरमध्ये मुरते तेवढंच कोरडं हवं. 100 ग्रॅम कोरडं, झेस्ट मुरवलेलं, आणि 100 ग्रॅम नेहमीचं, असं केलं तर पाणी निम्म्यावर येतं आणि पीठ लाटण्यापुरतं बांधलं जातं. शिवाय मैद्यात 12 ते 14 टक्के ओलावा असतोच, 300 ग्रॅममध्ये 40 ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे वाफ शून्यावर आणायचं स्वप्न तसंही खोटंच होतं. कमी करायची, एवढंच हातात आहे. तेव्हा बलकाचा बेत रद्द. पुढचा घाणा निम्म्या-निम्म्याचा.

मैदा आधी भाजून कोरडा करण्याचा विचारही येऊन गेला. संत्र्याला तो खमंगपणा शोभेल कदाचित. लिंबाला नाही.

लिंबाचं प्रकरणच निराळं आहे, आणि एकच कृती दोघांना लावणाऱ्या पाककृतींवर माझा राग आहे. लिंबाचं लिंबूपण सिट्रल या सुगंधी द्रव्यातून येतं, आणि तेलात ते अगदी थोडं असतं. तळाशी सोनेरी झालेल्या बटरचा खमंग वास त्याला सहज झाकून टाकतो. म्हणून लिंबासाठी बटर तडतड थांबताच उतरवायचं, रंग येऊच द्यायचा नाही. दुसरं म्हणजे आम्लात सिट्रल हळूहळू बिघडतं. त्यामुळे आंबटपणासाठी पिठात सायट्रिक ॲसिड टाकून ते पीठ दिवसेंदिवस मुरत ठेवण्यात अर्थ नाही. पिठात सुगंध ठेवा, आंबटपणा भाजल्यानंतर वरून द्या. ही दोन खाती वेगळी ठेवली तेव्हापासून माझ्या लिंबाच्या कुकीज लिंबाच्या लागायला लागल्या.

वरून म्हणजे ग्लेझ, साखरेचा चमकदार लेप. पिठीसाखर 120 ग्रॅम, चाळूनच, आणि लिंबाचा रस 20 मिली, मग थेंबाथेंबाने पुढे. चमच्यावरून पडलेली धार दहा सेकंदांत सपाट झाली की बरोबर. ग्लेझ भट्टीत जात नाही, म्हणून इथे रस चालतो, किंबहुना रसाची जागा इथेच आहे. कुकी पूर्ण निवलेली हवी, कोमट असेल तर ग्लेझ पारदर्शक होऊन खाली ओघळतं. या वेळी चिमूटभर झेस्ट ग्लेझमध्येच घातली आणि रंगाची गरजच उरली नाही, पिवळे ठिपके पुरेसे दिसतात. ज्यांना ग्लेझ नको त्यांनी कुकी कोमट असताना झेस्ट चोळलेल्या साखरेत घोळवावी. साखर चिकटते आणि झेस्ट भाजली जात नाही. ही युक्ती मला ग्लेझपेक्षाही जास्त आवडायला लागली आहे, पण पाहुण्यांना चमक हवी असते.

बाटलीबद्दल. इसेन्स आणि तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत; खाण्यायोग्य म्हणून विकलं जाणारं सालीचं तेल बटरमध्ये विरघळतं आणि इसेन्सपेक्षा बरंच टिकतं. 200 ग्रॅम बटरला दोन-तीन थेंब, त्यापुढे साबण. पण जुनी बाटली घेऊ नका. मागच्या महिन्यात मागवलेली एक उघडली तर थेट टर्पेंटाइन. लिमोनीनला हवा लागली की असं होतं. विक्रेत्याचं म्हणणं, मुदत संपलेली नाही. मुदत कागदावर असते, नाक जागेवर असतं. लहान बाटली, गडद काच, फ्रीजमध्ये, आणि अंगाला लावायच्या सुगंधी तेलांच्या कपाटाकडे तर फिरकूच नका.

साठवणीचं एक: आलं-दालचिनीच्या कुकीज याच डब्यात ठेवू नका. दोन दिवसांत सगळ्या आल्याच्या होतात, उलटं कधीच घडत नाही. भेट द्यायला जास्त लागणार असतील तर कापलेल्या कच्च्या चांदण्या गोठवून हवाबंद ठेवते, कारण बटर फ्रीझरमधले सगळे वास ओढून घेतं. भाजताना गोठलेल्याच ट्रेवर, एक-दोन मिनिटं जास्त.

आता फ्रीजमध्ये निम्म्या-निम्म्याचा गोळा थंड होतोय आणि त्याच्या शेजारी एक ग्रेपफ्रूट वाट बघतंय. त्याच्या सालीचं तेल बटरमध्ये मुरवलं तर कडूपणाही बटरमध्ये उतरतो का, की तो सगळा पांढऱ्या भागातच राहतो, हे कुणी करून पाहिलं असेल तर मी किसायला घ्यायच्या आत सांगा. चांदणीची टोकं टिकली की नाही ते पुढच्या नोंदीत.