म्हशीला पूर्ण भूल दिली तेव्हा

चवथीला गणपतीच्या डोक्यावर बांधलेली फळापानांची माटोळी उतरवली की तिचा पाला म्हशीपुढे टाकायचा, ही गोव्यातल्या आमच्या सत्तरीतल्या घरची रीत. पूर्वी माटोळी केवणीच्या सालीच्या दोरांनी बांधत, आम्ही तारेनं बांधू लागलो. तीच तार म्हशीच्या पोटात गेली. दसऱ्यापर्यंत ती तीनदा फुगली, दूध आटलं.

पहिलं ऑपरेशन उभ्यानंच झालं, डावी कूस बधिर करून. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात घालून कोठीपोट, म्हणजे गुरांचं पहिलं मोठं पोट, रिकामं केलं, बोटभर गंजकी तार काढली. पण छाती आणि पोट यांमधला पडदा, श्वासपटल, फाटून कोठीपोटाच्या पुढचं जाळीपोट छातीत शिरलं होतं. ते शिवायला म्हैस उताणी हवी, म्हणजे पूर्ण भूल.

मधले दोन दिवस फार जड गेले. सलाईन चालू, वैरण बंद, आदल्या रात्रीपासून पाणीही नाही. बादली वाजली की ती हंबरायची. एकदा मी पेंढी उचललीसुद्धा. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, "वहिनी, भुलीत जनावराला गिळता येत नाही. पोटातलं वर आलं तर सरळ फुफ्फुसात जाईल." पेंढी परत ठेवली.

भुलीच्या आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. घोड्याला लागतं त्याच्या दहाव्या हिश्श्यातच गुरं आडवी होतात, हे मला तिथंच कळलं. खाली जाड गाद्या होत्या, कारण स्वतःच्याच वजनानं पायाची नस दबली तर मागाहून उठवत नाही. मग डॉक्टरांनी तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला आणि बोटांनी चाचपत अंगठ्याहून जाड नळी श्वासनलिकेत सरकवली. मानेखाली पोतं, तोंड उतरतं. लाळ एकसारखी घमेल्यात गळत होती. छाती उघडी पडल्यावर फुफ्फुसं आपोआप फुगत नाहीत, म्हणून एक मुलगा श्वासाची पिशवी दाबत बसला होता. मी त्याच्या हाताकडेच बघत राहिले.

टाके झाल्यावर तिला लगेच छातीवर बसवलं, दोन्ही बाजूंनी पेंढ्यांचा टेकू दिला. कुशीवर पडून राहिली तर वायू कोंडून पुन्हा फुगते. नळी मात्र ती चघळायला, गिळायला लागेपर्यंत काढली नाही. पहिली ढेकर आली तेव्हा मी तिच्या गळ्यात पडून रडले.

तिसऱ्या दिवशी रवंथ सुरू झाला. दूध मात्र डॉक्टर सांगेपर्यंत डेअरीला घातलं नाही, वासरालाही पाजलं नाही.