अडीच शिलिंग

आज दुपारी जे. बी. प्रीस्टलीचं 'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स' हे इंग्रजी नाटक एका बैठकीत वाचून काढलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचतच नाहीये. आधी वाचलं होतं तेव्हा सगळं लक्ष शेवटच्या धक्क्यावरच होतं, तो इन्स्पेक्टर नक्की कोण, माणूस की भूत वगैरे. या वेळी मात्र त्या मुलीच्या पगारापाशीच अडकून बसलेय.

नाटक घडतं १९१२ मध्ये, इंग्लंडच्या उत्तर मिडलँड्समधल्या ब्रमली नावाच्या काल्पनिक कारखानदारी शहरात. आर्थर बर्लिंग हा कारखानदार, त्याच्या मुलीची, शीलाची एंगेजमेंट झालीये जेराल्ड क्रॉफ्टशी, जेराल्डच्या बापाची कंपनी बर्लिंगच्या कंपनीपेक्षा मोठी, त्यामुळे आता दोन्ही कंपन्या मिळून खर्च कमी आणि भाव चढे ठेवू असं हा माणूस मुलीच्या एंगेजमेंटच्या जेवणावर बोलून दाखवतो. टायटॅनिक बुडूच शकत नाही, युद्ध होणारच नाही, हेही त्याच दमात. प्रीस्टलीने हे लिहिलं १९४५ च्या सुमारास, लंडनला ते आलं १९४६ मध्ये, म्हणजे समोर बसलेल्या लोकांनी दोन दोन महायुद्धं बघितलेली, त्यामुळे बर्लिंगच्या शब्दाला किती किंमत द्यायची ते त्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळलं असणार.

मग गूल नावाचा इन्स्पेक्टर येतो. ईव्हा स्मिथ नावाची मुलगी दोन तासांपूर्वी जंतुनाशक पिऊन हॉस्पिटलमध्ये मेली म्हणून सांगतो आणि त्या घरातल्या एकेकाला विचारायला लागतो.

ईव्हा बर्लिंगच्या कारखान्यात होती. आठवड्याला साधारण २२ शिलिंग ६ पेन्स (तेव्हा शिलिंगचे १२ पेन्स) मिळायचे, मुलींनी २५ शिलिंग मागितले. बर्लिंग नाही म्हणाला, संप झाला, एक-दोन आठवड्यांत मोडला, बाकीच्यांना जुन्याच दराने परत घेतलं आणि पुढे होऊन बोलणाऱ्या चार-पाच जणींना घरी पाठवलं, त्यात ही. कामाला चांगली होती, तिला बढती द्यायचं चाललं होतं, हे बर्लिंग स्वतःच्या तोंडाने सांगतो. आणि मागणी केवढी, तर आठवड्याला अडीच शिलिंग जास्त.

आता पुढचं बघा. त्याच बर्लिंगचा मुलगा एरिक नंतर बापाच्या ऑफिसातून जवळजवळ ५० पाउंड उचलतो आणि ते ईव्हाला देतो, कारण तिच्या पोटात त्याचं मूल आहे. मी वहीत हिशोब मांडून बघितला. तेव्हा पाउंडाचे २० शिलिंग, म्हणजे ५० पाउंडाचे १००० शिलिंग. अडीच शिलिंगची वाढ एवढ्या पैशात ४०० आठवडे देता आली असती, साडेसात वर्षांहून जास्त! बर्लिंगच्या घरातून पैसा गेलाच, आधी तो पगार म्हणून मागितला तर नाही म्हणाले आणि नंतर चोरी करून, पोरीचं आयुष्य नासवून मग गेला. आणि ईव्हाने काय केलं, तर पैसे चोरीचे आहेत कळल्यावर आणखी घ्यायला नकार दिला. मिसेस बर्लिंगला नेमकं हेच पटत नाही, असल्या मुली कधी पैसे नाकारतात का, असा तिचा सूर असतो, म्हणजे गरिबाला तत्त्व असू शकतं हेच त्या बाईच्या डोक्यात शिरत नाही. ती एका महिला मदत संस्थेच्या कमिटीवर आहे. दोन आठवड्यांपूर्वी ईव्हा तिच्याकडेच मदत मागायला आली होती आणि हिने वजन वापरून तिला हाकलवून लावलं, मुलाच्या बापाला जाऊन धर म्हणाली, तो बाप आपल्याच घरात आहे हे माहीत नसताना. हा प्रवेश वाचताना माझ्या पोटात गोळा येतो.

शेवटी शेवटी बर्लिंग कळवळून म्हणतो की मी हजारो पाउंड द्यायला तयार आहे, आणि इन्स्पेक्टर त्याला सांगतो की तू चुकीच्या वेळी पैसे देऊ करतोयस. माझ्यासाठी सगळं नाटक या दोन वाक्यांत आहे.

शीलाचं प्रकरण मला सगळ्यात जास्त टोचतं आणि ते सगळ्यात छोटं आहे. मिलवर्ड्स नावाच्या दुकानात ती एक ड्रेस घालून बघते, तो तिला शोभत नाही. ईव्हा तिथे कामाला लागलेली असते, तिने तो ड्रेस नुसता स्वतःसमोर धरलेला असतो तेव्हा तिला मात्र तो अगदी शोभून दिसला होता. शीला आरशात स्वतःला बघतेय आणि आरशातच तिला दिसतं की ही मुलगी दुसऱ्या सेल्सगर्लकडे बघून हसतेय. झालं, मॅनेजरकडे तक्रार, हिला काढलं नाही तर आमचं घर तुमच्याकडे खरेदी बंद करेल. यात कायदा कुठेच मोडत नाही! गिऱ्हाईक चिडलं, तक्रार केली, दुकानाने ऐकलं, एवढंच. जिच्या हातात मोठं खातं आहे तिचा दहा मिनिटांचा मूड जातो आणि जिच्या हातात काहीच नाही तिची नोकरी जाते, आणि घरी जाईपर्यंत पहिलीला ते फारसं आठवणारही नाही.

तिसऱ्या अंकात जेराल्ड शोधून काढतो की गूल नावाचा इन्स्पेक्टर पोलिसांत नाहीच. फोटोही त्याने एका वेळी एकालाच दाखवला होता, मग ती सगळ्यांची मुलगी एकच होती कशावरून? हॉस्पिटलला फोन लावतात, कोणी मेलेलं नाही. बर्लिंग खूश. पण जेराल्डचं हे लॉजिक धरून नीट विचार केला तर काय निघतं? मुली वेगवेगळ्या असतील तर मग एकीच्या जागी चार-पाच जणी झाल्या ना! एकीला कारखान्यातून काढलं, दुसरीला दुकानातून, तिसरीला जेराल्डने ठेवून मग सोडून दिलं, चौथीला गरोदर केलं आणि पाचवीला दारातून परत पाठवलं. याने सुटका कशी होते? त्यांना सुटल्यासारखं वाटतं कारण त्यांची भीती पेपरात नाव येण्याची होती, बर्लिंगला सर ही पदवी मिळणार होती ती हुकण्याची होती. शीला आणि एरिक दोघंच म्हणत राहतात की आपण जे केलं ते केलंच, कोणी मेलं नाही म्हणून ते पुसलं जात नाही.

आणि एडना. ती त्या घरातली मोलकरीण, नाटकात तिला मोजकी वाक्यं आहेत. एवढं सगळं महाभारत झाल्यावर रात्री दाराची बेल वाजते आणि मिसेस बर्लिंग म्हणते, एडना उघडेल, मी तिला आपल्या चहासाठी जागं राहायला सांगितलंय. मी इथे पुस्तक खाली ठेवलं. आत्ताच एक गरीब मुलगी आपल्यामुळे मेली असं कळलंय आणि दुसरी गरीब मुलगी स्वयंपाकघरात यांच्या चहासाठी जागी बसलीये, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. अगदी शीलाच्याही नाही.

मला शीला मनापासून आवडते, तरी इथे तिच्यावर चिडायला होतं. तिचं रडणं खरं आहे, जेराल्डला अंगठी परत देणं खरं आहे, आईबापांशी भांडणं पण खरं आहे. पण बर्लिंगच्या कारखान्यात कित्येक शे मुली आहेत, हे त्यानेच सांगितलंय, आणि तिसऱ्या अंकात इतका वेळ एकमेकांवर ओरडूनही त्या खोलीत एकजण म्हणत नाही की उद्यापासून त्यांचा दर वाढवूया. मग फोन वाजतो, आता खरोखरच एक मुलगी जंतुनाशक पिऊन मेलीये आणि पोलीस चौकशीला येतायत. तो येणारा इन्स्पेक्टर खरा असेल, पण तो मरणाबद्दल विचारेल. पगारवाढ का नाकारलीस, हे विचारणारा पहिलाच होता, तेव्हा बर्लिंगने मी माझा धंदा कसा चालवायचा याच्याशी तुझा काय संबंध असं त्याला ऐकवलं होतं, आणि नंतर तर तो खोटाच निघाला म्हणून सगळ्यात जास्त आनंद बर्लिंगलाच झाला.